हाडांचा आवाज

बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा नावाचे गाव आहे. चोखामेळ्याचे जन्मगाव म्हणून परंपरा या गावाकडे बोट दाखवते. चोख्याचा शेवट मात्र पार तिकडे मंगळवेढ्याला झाला. शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ च्या सुमारास तिथे गावकुसाचे काम चालू होते. त्या कामावर राबणाऱ्या महारांत चोखाही होता. कूस कोसळले आणि माणसे त्याखाली गाडली गेली. आख्यायिका पुढे सांगते की नामदेव तिथे गेले तेव्हा ढिगाऱ्यात नुसती हाडे उरली होती. कोणाची कोणती ते कळेना. नामदेवांनी एकेक हाड कानाला लावले. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटला ती चोख्याची ठरली. ती पंढरपुरास नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधली.

कीर्तनात या कथेवर श्रोते डोळे पुसतात. आम्ही एक साधा प्रश्न विचारतो : ज्या हाडांतून आवाज आला नाही, त्यांचे काय झाले? तीही राबणाऱ्यांचीच हाडे होती. त्याच कुसाखाली चेंगरलेली होती. पण त्यांनी अपेक्षित शब्द अपेक्षित सुरात उच्चारला नाही, म्हणून ती ढिगाऱ्यातच राहिली. आणि ज्याने तो उच्चारला, त्यालाही जागा मिळाली ती पायरीपाशी, दाराच्या बाहेर. त्या दारातून अस्पृश्यांना आत जाता यावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

आवाजावरून माणूस ओळखणे आणि ओळखून त्याची जागा ठरवणे, या व्यवहाराचा आपल्याकडे इतिहास आहे. रंग, वस्त्र, आडनाव, वस्ती यांवरून जात कशी ओळखली जाते याविषयी आपण पुष्कळ लिहिले. पण अंधारातसुद्धा जात ओळखणारा एक अवयव आहे, तो म्हणजे कान. त्या कानाचा इतिहास तपासल्यावाचून आपल्या मुक्तीचा हिशेब पुरा होणार नाही.

(१)

वर्णव्यवस्थेने पहिला पहारा बसवला तो कानावर आणि जिभेवर. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात कथिल आणि लाख ओतावी, वेद उच्चारील तर जीभ छाटावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. हा नियम प्रत्यक्षात किती वेळा अमलात आला हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. नियम लिहून ठेवला गेला, आणि ध्वनी ही काही लोकांची खाजगी मिळकत आहे हे त्याने ठरवून टाकले, एवढे आपल्याला पुरे आहे.

शतपथ ब्राह्मणात असुरांच्या पराभवाची एक कथा आहे आणि पतंजलीने महाभाष्यात तिचा दाखला दिला आहे. असुर ‘र’च्या जागी ‘ल’ उच्चारत आणि म्हणून ते हरले. ब्राह्मणाने असे अपशब्द उच्चारू नयेत, कारण ते म्लेच्छांचे बोलणे, असा तिचा बोध. आता गंमत पाहा. मगधाकडच्या बोलीत ‘र’चा ‘ल’ होत असे. सम्राट अशोकाच्या पूर्वेकडील शिलालेखांत ‘राजा’ हा शब्द ‘लाजा’ असा कोरलेला आहे. शास्त्रकारांनी जो उच्चार असुरांच्या माथी मारला, तसाच उच्चार भारताच्या सर्वांत मोठ्या बौद्ध सम्राटाने दगडावर कोरून ठेवला. अशोकाला त्याची लाज वाटली नाही.

पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेला चिनी भिक्षू फाहियान लिहितो की चांडाळ नगरात किंवा बाजारात शिरताना लाकडावर लाकूड आपटून आवाज करीत, म्हणजे लोकांना बाजूला होता येई. माणसाचा आवाज इथे बोलण्यासाठी नव्हता, इशाऱ्यासाठी होता.

(२)

गावगाड्यात हाच इशारा ‘जोहार’ झाला. ब्राह्मणाचा नमस्कार, कुणब्याचा रामराम, मुसलमानाचा सलाम आणि महाराचा जोहार. दाराआड बसलेल्या माणसाने बाहेरची हाक ऐकली की हाक देणाऱ्याची पायरी कळत असे. चोख्याने विठ्ठलाला अभंगांतून घातलेला नमस्कारसुद्धा जोहारच आहे. देवापुढेही त्याला आपली जात आधी ऐकवावी लागली.

या हाकांवर राज्यसत्तेचे लक्ष होते. सोनार समाजातील लोक नमस्कार म्हणू लागले तेव्हा पेशव्यांच्या कारभाराला ते खपले नाही. १७७९ साली मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीकडून सोनारांना ‘नमस्कार’ हा शब्द वापरण्याची बंदी करवण्यात आली. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात हा दाखला दिला आहे. एका शब्दासाठी दोन सरकारे हलतात, यावरून त्या शब्दाची किंमत कळते.

पण याच गावगाड्याला महाराच्या आवाजावाचून चालत नव्हते. वऱ्हाडात रात्री गावाला जागे ठेवणारा जागल्या बहुधा महार असे. दवंडी त्याच्या तोंडची, मयताची वार्ता परगावी पोचवायची ती त्यानेच. दोन गावांच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष वजनाची मानली जाई, कारण शिवेचा दगडन् दगड त्याला ठाऊक. जमिनीविषयी त्याचा शब्द खरा आणि त्याच्या स्वतःविषयी त्याच्या शब्दाला किंमत शून्य! आवाज गावाच्या कामाचा असेल तोवर तो चावडीवर चालत होता. स्वतःच्या हक्कासाठी वर चढला की तोच आवाज उर्मट ठरत होता.

(३)

आता शाळेकडे येतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांची ही जखम शाळेतली आहे.

मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात मी चौथीत होतो. “गुरुजी, पानी पिऊन येऊ?” असे मी विचारले. गुरुजींनी खडू खाली ठेवला. “पानी नव्हे, पाणी. म्हण, पाणी.” मी म्हटले, “पानी.” वर्ग हसला. तीनदा म्हणवून घेतले, तिन्हीदा वर्ग हसला, आणि मी तहान तशीच घेऊन जागेवर बसलो. त्याच आठवड्यात पाटलाच्या नातवाने तोच शब्द तसाच उच्चारला. गुरुजींनी त्यालाही टोकले, पण मायेने : “खेड्यातली जीभ, वळायला वेळ लागेल.” माझ्याविषयी मात्र ते दुसऱ्या गुरुजींना म्हणाले, “महारवाड्यातली पोरं. ह्यांना उच्चार कुठून येणार?” उच्चार एक आणि निकाल दोन. म्हणजे निकाल उच्चाराचा नव्हताच, तो तोंडाचा होता.

पुढे भाषाशास्त्राची पुस्तके हाती आली तेव्हा या ‘पाणी’ची कुंडली मी काढली. मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’. त्यात ‘न’ आहे. प्राकृतात, विशेषतः महाराष्ट्री प्राकृतात, लोकांच्या तोंडी ‘न’चा सर्रास ‘ण’ झाला आणि त्यातून मराठी ‘पाणी’ आले. ‘जन’चा ‘जण’ झाला तो असाच. म्हणजे गुरुजींचा ‘शुद्ध’ ण हा सामान्य लोकांनी घडवलेला बदल आहे. त्याच शब्दाला हिंदीने ‘पानी’ ठेवले. दिल्लीत बसून ‘पानी’ म्हणणारा राजभाषा बोलतो आणि मेहकरात ‘पानी’ म्हणणारा गावंढळ ठरतो.

उलट दिशेनेही हाच प्रवास झाला आहे. संस्कृत ‘पर्ण’चे मराठीत ‘पान’ झाले, ‘कर्ण’चा ‘कान’ झाला. इथे ‘ण’ जाऊन ‘न’ आला. पुण्यातला कुठलाही शास्त्री ‘काण’ म्हणत नाही. आमचा ‘न’ ऐकून जो कान हसतो, त्या कानाच्या नावातच तो ‘न’ बसलेला आहे!

‘ळ’ची कथाही अशीच. ‘फल’चे ‘फळ’ झाले, ‘काल’चा ‘काळ’ झाला, ते प्रमाण ठरले. वऱ्हाडीने पुढे एक पाऊल टाकले आणि ‘डोळा’चा ‘डोया’, ‘काळा’चा ‘काया’ केला, ते अशुद्ध ठरले. पहिले पाऊल संस्कार आणि दुसरे पाऊल भ्रष्टता, ही सीमारेषा कोणत्या नियमाने आखली? भाषेत असा नियम नाही. ती रेषा भाषेच्या बाहेर, सत्तेच्या हाताने आखली गेली.

(४)

आणि ही वऱ्हाडी आहे तरी कोण? मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात वऱ्हाडात, ऋद्धिपूरला म्हाइंभटांनी सिद्ध केले. चक्रधरांच्या वास्तव्याच्या ज्या जागा त्यात आल्या, त्यांत आपल्या जिल्ह्यातील मेहकर आणि लोणार आहेत. म्हाइंभट गावोगाव हिंडले, ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले त्यांना विचारत गेले, आणि ऐकले ते त्यांच्याच बोलीत उतरवले. पुढे पंथातील पंडितांना संस्कृतात लिहिण्याचा मोह झाला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना रोखले. त्यांचे कारण असे की मग म्हाताऱ्या बायाबापड्यांच्या हाती काही उरणार नाही. सातशे वर्षांपूर्वी या मातीत एका आचार्याला म्हातारीचा कान महत्त्वाचा वाटला होता.

एकोणिसाव्या शतकात हे उलटले. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. छापखाना, शाळा आणि कचेरी यांना एकच एक भाषा हवी होती. ती पुण्याच्या शिष्टांच्या बोलीवरून बेतली गेली. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०३ साली मध्यप्रांताला जोडला गेला. राज्ये बदलली, पण शाळेतल्या पुस्तकाची बोली पुण्याचीच राहिली. लिहिण्यासाठी एक प्रमाण रूप असावे, याला आमचा विरोध नाही. प्रमाणाला ‘शुद्ध’ म्हटले गेले, तिथे घात झाला. कारण ‘शुद्ध’ला ‘अशुद्ध’ लागते, आणि सोवळ्याओवळ्याच्या देशात अशुद्ध म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. विटाळ अंगावरून जिभेवर सरकला.

हे प्रथम ओळखले ते जोतीराव फुल्यांनी. ‘तृतीय रत्न’ नाटकात १८५५ सालीच त्यांनी शेतकरी जोडप्याला त्यांच्या बोलीत बोलू दिले. १८८५ साली ग्रंथकार सभेचे आमंत्रण आले तेव्हा त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना नकार कळवला. शूद्रातिशूद्रांना काय सोसावे लागते हे ज्यांच्या ग्रंथांत उतरत नाही, त्यांच्यात मिसळून आमचे भले व्हायचे नाही, असा त्या नकाराचा आशय होता. त्या जोतीरावांचे चरित्र १९२७ साली लिहिले ते पुण्यातल्या कोणी नव्हे, आपल्याच जिल्ह्यातल्या चिखलीच्या पंढरीनाथ सीताराम पाटील या सत्यशोधकाने. ज्या प्रदेशाच्या बोलीला हसले गेले, त्याच प्रदेशातून फुल्यांचे नाव ग्रंथरूपाने पुढे आले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना कोणी सांगते काय?

(५)

शाळेपेक्षाही क्रूर असा आणखी एक कान होता, तो पोलिसाचा. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आधी उत्तर हिंदुस्थानात आणि पुढे १९११ च्या कायद्याने देशभर त्याचा फास आवळला. मेजर गंथोर्प या पोलीस अधिकाऱ्याने १८८२ साली मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्यप्रांत यांतील तथाकथित गुन्हेगार जमातींवर टिपणे प्रसिद्ध केली. १९०८ साली केनेडीचे पुस्तक आले. त्यात एकेका जमातीची राहणी, पेहराव आणि बोलीच्या खुणा पोलिसांच्या सोयीसाठी नोंदल्या होत्या. ज्या बोलीत आई मुलाला अंगाई म्हणते, ती बोली पोलिसी दप्तरात ओळखखूण म्हणून दाखल झाली.

बुलढाणा जिल्ह्यात फासेपारध्यांची वस्ती आहे. त्यांची बोली गुजरातीशी नाते सांगणारी. रानातल्या तितराचा आवाज हुबेहूब काढून त्याला फाशात बोलावणे ही त्यांची पिढीजात विद्या. पाखराला फसवील असा आवाज ज्याच्या गळ्यात आहे, त्याला बाजारात स्वतःची बोली लपवता येत नाही. आपसात दोन शब्द बोलला की आजूबाजूचे लोक खिसे चाचपतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. कान मात्र मुक्त झाले नाहीत.

जगात हा खेळ रक्ताने खेळला गेला आहे. बायबलच्या जुन्या करारात ‘शिब्बोलेथ’ या शब्दातला ‘श’ न येणाऱ्यांना यार्देन नदीच्या उतारावर कापून काढल्याची कथा आहे. १९३७ साली डोमिनिकन प्रजासत्ताकात हैतीच्या हजारो काळ्या मजुरांची कत्तल झाली. एका भाजीच्या नावातला ‘र’ नीट न उच्चारणे ही मरणाची खूण ठरली होती, असे त्या कत्तलीविषयी सांगितले जाते. अमेरिकेत जॉन बॉ या काळ्या भाषाशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी घरमालकांना वेगवेगळ्या बोलींत फोन करून पाहिले. १९९९ साली निष्कर्ष छापून आले. माणूस तोच, पण काळ्यांच्या बोलीत विचारले की रिकामी घरे एकाएकी भरलेली निघत, विशेषतः गोऱ्यांच्या वस्तीत. आपल्या शहरांतून घर शोधत फिरलेल्या कार्यकर्त्याला या प्रयोगाचा अर्थ सांगायला नको.

(६)

या कानाला पहिले उत्तर तथागतांनी दिले आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात यमेळु आणि तेकुल या दोन भिक्षूंची गोष्ट आहे. ते जन्माने ब्राह्मण होते. वाणी मधुर, उच्चार उत्तम, असे त्यांचे वर्णन आहे. त्यांनी तक्रार केली की नाना गोत्रांचे, नाना जातींचे, नाना कुळांचे लोक भिक्षू झाले आहेत आणि आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात. तेव्हा ते छंदात, म्हणजे वैदिक वळणाच्या भाषेत, बसवावे. भगवंतांनी त्यांना फटकारले, छंदाला बंदी केली आणि बुद्धवचन ‘स्वकीय’ भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. स्वकीय म्हणजे बुद्धाची मागधी, असा अर्थ अट्ठकथाकार बुद्धघोषाने केला आहे. अनेक आधुनिक अभ्यासक प्रत्येकाची स्वतःची बोली असा अर्थ घेतात. पण शुद्ध उच्चाराचा आग्रह घेऊन आलेल्यांना संघात नकार मिळाला, याविषयी वाद नाही. आज आपल्या विहारांतून जी पाली वंदना होते तिच्यात ‘शरण’ नाही, ‘सरण’ आहे. ‘शाळा’ला ‘साळा’ म्हटले म्हणून जिला हसले गेले, ती आपली आजी तिसरणाला नेमका ‘स’ उच्चारत होती.

दुसरे उत्तर बाबासाहेबांचे. ज्यांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, त्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पत्र काढले आणि त्याला नाव दिले ‘मूकनायक’. मुके कोण? जागल्याचा गळा साऱ्या गावाला ऐकू जात होता. ऐकणाऱ्यांनी त्याला मुका ठरवले होते. त्यानंतर जोहार संपला. कामठीचे बाबू हरदास, जे १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ साली ऐन तारुण्यात वारले, त्यांना ‘जय भीम’ हा अभिवादनघोष रूढ करण्याचे श्रेय दिले जाते. या दोन शब्दांनीही ऐकणाऱ्याला जात कळते, हे खरे. पण जोहाराने मान खाली जात होती, जय भीमने ती वर होते. ओळखले जाण्याची भीतीच या घोषाने काढून घेतली.

तिसरे उत्तर आपल्या साहित्याचे. १९७२ साली ‘गोलपिठा’ आला तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना त्यातले कित्येक शब्द कळले नाहीत आणि त्यांनी तसे प्रांजळपणे लिहिले. मराठीच्या मोठ्या नाटककाराला मराठीच कळेना, हा मराठीच्या इतिहासातला महत्त्वाचा क्षण होता. त्यानंतर ‘बलुतं’ आले, ‘जिणं आमुचं’ आले, आणि छापील पानाला महारवाड्याचा सूर ऐकावा लागला.

(७)

आता स्वतःच्या घरात दिवा लावू. दुसऱ्याच्या कानाचा पंचनामा करणे सोपे असते.

नोकरीनिमित्त मी शहरात स्थिरावलो. एकदा घरी सहकारी आले असता आई बाहेर येऊन म्हणाली, “बाप्पा, मले काऊन नाई सांगतलं पाव्हने येनार हायत म्हून?” मी घाईघाईने तिला आत पाठवले. ती गेली. पुढे पाहुणे आले की ती आपणहून आत जाऊन बसू लागली. चौथीतल्या त्या वर्गाचे हसू मी घरी घेऊन आलो होतो आणि गुरुजींची खुर्ची माझ्याच घरात मांडली होती. आज ती नाही, आणि तिचा आवाज माझ्याजवळ कशावरही नोंदलेला नाही. आपल्यातल्या किती शिकलेल्यांनी आपापल्या आयांना असे आत पाठवले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आणि आपली मुले शाळेत पारध्याच्या पोराच्या बोलण्याला हसतात तेव्हा आपण काय करतो, याचाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दाव्याच्या पाठीशी गाथासप्तशतीची प्राकृत आणि लीळाचरित्राचे गद्य उभे होते, म्हणजे एके काळी संस्कृताच्या तुलनेत हलक्या मानलेल्या बोलीच उभ्या होत्या. बोलीच्या पुण्याईवर भाषेने मान मिळवायचा आणि बोलणाऱ्याला वर्गात हसायचे, हा व्यवहार आता चालू देता कामा नये.

प्रमाण मराठी आपल्या मुलांना आलीच पाहिजे, यात शंका नको. अर्ज, परीक्षा, न्यायालय, विधिमंडळ तिच्यावर चालते आणि ती न शिकवणे म्हणजे मुलांना पुन्हा कुसाबाहेर ठेवणे. पण ती दुसरे हत्यार म्हणून शिकवावी, घरच्या बोलीचा विटाळ धुण्याचे पाणी म्हणून नव्हे. १९७९ साली अमेरिकेत ॲन आर्बर येथील काळ्या मुलांच्या खटल्यात न्यायालयाने ठरवले की मुलांची घरची बोली शिक्षकांना ठाऊक असली पाहिजे आणि तिची दखल घेऊनच वाचन शिकवले पाहिजे. आपल्या शिक्षकांना यासाठी न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला आधी पाणी पिऊन येऊ द्यावे. मग फळ्यावर ‘पानीय’, ‘पाणी’, ‘पानी’ हे तिन्ही शब्द लिहून त्यांचा प्रवास साऱ्या वर्गाला सांगावा. विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसून त्यांचे बोलणे आहे तसे उतरवून घ्यावे, म्हाइंभटांनी घेतले तसे. आणि नोकरीच्या मुलाखतीत समोर बसण्याची वेळ आपल्यावर येईल तेव्हा उमेदवाराचा हेल ऐकून आपल्या मनात काय उमटते ते आधी तपासावे.

मंगळवेढ्याच्या ढिगाऱ्यातली जी हाडे नामदेवांच्या कानाशी बोलली नाहीत, तीही आपली होती. ती काय म्हणत होती हे विचारायला उशीर झाला. पण आज जे बोलत आहेत त्यांच्या बाबतीत अजून उशीर झालेला नाही.